गुरूला अमावस्या नाही

साध्या दुर्बिणीतून शुक्राची कोर दिसते. कधी ती बीजेच्या चंद्राइतकी नाजूक असते, तर कधी अष्टमीच्या चंद्रासारखा अर्धा शुक्र दिसतो. तीच दुर्बीण गुरूकडे वळवा. जन्मभर पाहत राहिलात तरी गुरूची कोर दिसणार नाही. अर्धा गुरूही दिसणार नाही. शनीचे तेच, युरेनस आणि नेपच्यूनचेही तेच. पृथ्वीवरून पाहणाऱ्याला हे चारही ग्रह बाराही महिने भरलेलेच दिसतात.

हा त्या ग्रहांचा गुण नाही, आपल्या जागेचा परिणाम आहे. गुरूचाही अर्धा भाग सतत अंधारात असतो, शनीलाही रात्र असते. ती बाजू पृथ्वीवरून पाहणाऱ्यांच्या वाट्याला येत नाही, इतकेच. ग्रहाकडे पाहताना सूर्य कोणत्या बाजूला आहे, यावर त्या ग्रहाचे काय दिसणार आणि काय लपून राहणार हे मोठ्या प्रमाणात ठरते. दुर्बीण आकाशाकडे वळली त्याला साडेतीनशे वर्षे होऊन गेली, तरी माणसाने बाहेरचे ग्रह फक्त समोरून पडलेल्या उन्हातच पाहिले होते. मग याने निघाली, ग्रहांच्या पलीकडे गेली, त्यांनी मागे वळून पाहिले आणि नवी कडी, जिवंत ज्वालामुखी, बर्फाचे फवारे असे एकामागून एक शोध लागत गेले. त्यांतल्या कित्येक शोधांचे श्रेय उन्हाच्या बदललेल्या कोनाला आहे.

कलेचा कोन

पंचांगातली तिथी म्हणजे कोनाचीच मोजणी. चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे गेला की प्रतिपदा संपते, २४ अंश पुढे गेला की द्वितीया संपते आणि १८० अंशांवर पौर्णिमा पुरी होते. ग्रहांच्या कला समजून घ्यायलाही हीच पट्टी सोयीची आहे.

समजा, एखाद्या ग्रहावर उभे राहून आपण एका हाताने सूर्य दाखवला आणि दुसऱ्या हाताने पृथ्वी. दोन हातांमधला कोन हा त्या ग्रहाच्या कलेचा कोन. तो शून्य असेल तर पृथ्वीवरून ग्रह पूर्ण भरलेला दिसेल, ९० अंश असेल तर अर्धा दिसेल आणि १८० अंशांच्या जवळ गेला तर अगदी बारीक कोर उरेल. बुध आणि शुक्र पृथ्वीच्या कक्षेच्या आत फिरतात, म्हणून त्यांच्याबाबतीत हा कोन शून्यापासून १८० अंशांपर्यंत सगळा पल्ला गाठतो. बाहेरच्या ग्रहांचे तसे होत नाही. पृथ्वी सूर्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटरवर आहे, तर गुरू सुमारे ७८ कोटी किलोमीटरवर. इतक्या लांबून पृथ्वी सूर्याच्या अवतीभवतीच घुटमळताना दिसणार. फार तर ती १२ अंश दूर जाणार. म्हणजे जेमतेम एक तिथी. गुरू पौर्णिमेपासून ढळून ढळून किती ढळेल, तर एका तिथीएवढा. शनीचा कोन साडेसहा अंशांच्या आतच राहतो, म्हणजे अर्धी तिथी. युरेनसचा सुमारे तीन अंश आणि नेपच्यूनचा तर दोन अंशांहूनही कमी.

मंगळ तेवढा वेगळा. तो जवळचा शेजारी असल्यामुळे त्याचा कोन ४७ अंशांपर्यंत वाढू शकतो. अशा वेळी त्याच्या चकतीचा सुमारे ८४ टक्के भाग उजळलेला असतो आणि तो शुद्ध एकादशीच्या चंद्रासारखा एका बाजूने उतरलेला दिसतो. १६१० च्या डिसेंबरमध्ये गॅलिलिओने बेनेदेत्तो कास्तेल्ली या आपल्या शिष्याला पत्र लिहिले, त्यात मंगळाचा उल्लेख आहे. मंगळाच्या कला दिसल्या असे ठामपणे म्हणण्याचे धाडस तो करत नाही, पण मंगळ पूर्ण गोल नसावा असे आपल्याला वाटते, असे तो नोंदवतो. त्याच्या हातातली दुर्बीण किती लहान होती हे लक्षात घेतले, तर या नोंदीमागची नजर आणि सावधपणा दोन्ही मोलाची वाटतात.

एका तिथीचा फरक

पृथ्वीवरून पाहताना बाहेरचा ग्रह सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला येतो, त्या स्थितीला प्रतियुती म्हणतात. ग्रह सूर्यास्ताच्या वेळी उगवतो, मध्यरात्री माथ्याच्या आसपास येतो आणि रात्रभर दिसतो. गुरूची प्रतियुती साधारण दर तेरा महिन्यांनी येते. ग्रह तेव्हा सर्वांत जवळ, सर्वांत मोठा आणि सर्वांत तेजस्वी असतो, म्हणून आकाशदर्शनाचे कार्यक्रम बहुधा याच सुमाराला ठेवतात. पण प्रतियुतीच्या रात्री ऊन आपल्याच दिशेने ग्रहावर पडत असते. त्यामुळे प्रत्येक वस्तूची सावली त्या वस्तूच्याच मागे दडते आणि समोर उरते ती सपाट, सावलीविना उजळलेली चकती.

प्रतियुतीच्या सुमारे तीन महिने आधी आणि तीन महिने नंतर सूर्य आणि ग्रह आकाशात एकमेकांपासून ९० अंशांवर असतात. कलेचा कोन तेव्हा सर्वांत मोठा असतो. गुरूची चकती त्या वेळीही ९९ टक्के भरलेली असते, पण तिची एक कड दुसरीपेक्षा काळवंडलेली दिसते. याहून मोठा फरक पडतो तो गुरूच्या सावलीत. इतके दिवस ग्रहामागे लपलेली ती लांबलचक सावली आता बाजूला डोकावते. अशा एखाद्या रात्री आयो या उपग्रहावर नजर ठेवली, तर तो गुरूच्या कडेपासून चांगला लांब, मोकळ्या आकाशात असतानाच मंद होऊ लागतो आणि तीन-चार मिनिटांत दिसेनासा होतो. त्याच्यासमोर काहीही आडवे आलेले नसते. तो गुरूच्या सावलीत शिरलेला असतो. प्रतियुतीच्या आधी ही सावली पश्चिमेकडे पडते, त्यामुळे आयोला ग्रहण लागताना दिसते. प्रतियुतीनंतर ती पूर्वेकडे पडते, त्यामुळे ग्रहण सुटताना दिसते.

या ग्रहणांच्या नोंदींवरून १६७६ मध्ये पॅरिस वेधशाळेत काम करणाऱ्या ओले रोमर या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने एक मोठा निष्कर्ष काढला. पृथ्वी गुरूजवळ जात असताना ग्रहणे अपेक्षेपेक्षा लवकर घडत होती आणि दूर जात असताना उशिरा. प्रकाशाला पल्ला कापायला वेळ लागतो, हे त्यातून सिद्ध झाले. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला प्रकाशाला २२ मिनिटे लागतात असा त्याचा अंदाज होता. आजच्या मापाने हा वेळ पावणेसतरा मिनिटांच्या आसपास आहे. प्रकाशाच्या वेगाचा हा पहिला पुरावा गुरूच्या बाजूला डोकावणाऱ्या सावलीतून मिळाला.

शनीच्या बाबतीत कोन आणखी लहान, पण परिणाम डोळ्यांत भरणारा. प्रतियुतीला शनीच्या गोळ्याची सावली कड्यांवर जवळजवळ दिसत नाही. तीन महिन्यांनी पाहिले तर गोळ्याच्या एका बाजूला, कड्यांच्या मागच्या भागावर, काळीशार खाच उमटलेली असते. त्या खाचेमुळे गोळा पुढे आणि कडी त्याच्या मागून वळसा घालून गेलेली, असे खोलीचे भान चटकन येते. एरवी चित्रासारखा सपाट दिसणारा शनी तेव्हा घनगोल दिसतो.

पौर्णिमेची झळाळी

अष्टमीच्या चंद्राची निम्मी चकती उजळलेली असते. मग त्याचा प्रकाश पौर्णिमेच्या निम्मा असावा असे वाटते. प्रत्यक्षात तो सुमारे एक दशांशच असतो. चंद्राची जमीन खडबडीत आणि धुळीने भरलेली आहे. अष्टमीला तिथे ऊन तिरपे पडते. प्रत्येक खडा, प्रत्येक कण आपली सावली शेजारच्यावर टाकतो आणि आपल्याला ऊन-सावलीची सरमिसळ दिसते. पौर्णिमेला ऊन आपल्या दिशेनेच जात असल्यामुळे सगळ्या सावल्या झाकल्या जातात. चंद्र एकाएकी झळाळून उठतो तो त्यामुळे.

शनीच्या कड्यांची झळाळीही अशीच. प्रतियुतीच्या आगेमागे मोजके दिवस कडी नेहमीपेक्षा स्पष्टपणे तेजस्वी दिसतात, शनीचा गोळा मात्र तितका उजळत नाही. मध्यम आकाराच्या दुर्बिणीतूनही हा फरक टिपता येतो. जर्मन खगोलशास्त्रज्ञ ह्यूगो फॉन झेलिगर याने १८८७ मध्ये याचा गणिती खुलासा केला. कडी म्हणजे सलग पत्रा असता तर असे झाले नसते. ती सुट्या कणांची बनलेली आहेत, ते कण एकमेकांवर सावल्या टाकतात आणि प्रतियुतीला त्या सावल्या आपल्यापुरत्या नाहीशा होतात. कडी सलग असूच शकत नाहीत, हे जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने त्याआधी तीसेक वर्षे गणिताने दाखवले होते. झेलिगरने तीच गोष्ट उजेडाच्या चढउतारावरून दाखवली. पुढे या झळाळीमागचे आणखी एक कारण उमगले. बारीक कणांच्या गर्दीत शिरलेले प्रकाशाचे तरंग एकाच वाटेने उलट-सुलट फिरून बाहेर पडतात आणि आलेल्या दिशेला परतताना एकमेकांत मिसळून जोरकस होतात. दोन्ही कारणे मिळून ही झळाळी घडवतात.

तिरप्या उन्हातला तपशील

चंद्राचे खड्डे आणि डोंगर पाहायला पौर्णिमा सर्वांत वाईट, हे दुर्बीण वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. खड्डे उठून दिसतात ते उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर, जिथे सूर्य नुकता उगवतो आहे किंवा मावळतो आहे. उंची कळते ती सावलीमुळे. बाहेरच्या ग्रहांच्या बाबतीत ही सोय आपल्याला यानांनीच मिळवून दिली.

व्होयेजर २ हे यान ऑगस्ट १९८९ मध्ये नेपच्यूनजवळ पोहोचले. सर्वांत जवळ जाण्याच्या सुमारे दोन तास आधी त्याने दिवस-रात्रीच्या सीमेजवळची काही छायाचित्रे घेतली. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या ढगांचे लांबच लांब पट्टे आणि प्रत्येक पट्ट्याच्या एका बाजूला गडद रेघ. ती रेघ म्हणजे त्या ढगाची खालच्या ढगांवर पडलेली सावली होती. सूर्य किती तिरपा आहे हे माहीत होते, सावलीची रुंदी छायाचित्रात मोजता येत होती. त्यावरून वरचे ढग खालच्या थरापासून सुमारे ५० किलोमीटर उंच असल्याचे निघाले. साडेचारशे कोटी किलोमीटरवरच्या ढगांची उंची सावलीवरून मोजली गेली.

शनीच्या कड्यांवर असाच प्रसंग दर पंधरा वर्षांनी येतो. शनीचा आस सुमारे २७ अंश कललेला आहे आणि सूर्याभोवती फिरायला त्याला साडेएकोणतीस वर्षे लागतात. त्यामुळे निम्मी फेरी कड्यांच्या उत्तर बाजूवर ऊन पडते, निम्मी फेरी दक्षिण बाजूवर. मधल्या संपाताच्या वेळी ऊन कड्यांना धार लावल्यासारखे अगदी आडवे येते. ऑगस्ट २००९ मध्ये असा संपात झाला तेव्हा कॅसिनी यान शनीभोवती फिरत होते. कड्यांचा विस्तार लाखो किलोमीटरचा आणि जाडी बहुतेक ठिकाणी दहा मीटरच्या आसपास, म्हणून ती सपाटच समजली जात. पण मावळतीच्या उन्हात ‘बी’ नावाच्या दाट कड्याच्या बाहेरच्या काठावर अणकुचीदार सावल्यांची रांग उमटली. त्या सावल्यांवरून हिशेब केला तर तिथे कड्यातला मालमसाला अडीच किलोमीटर उंच उसळलेला होता. ते सुळके आधीही तिथे असतील, पण उंच उन्हात ते दिसण्याचा मार्गच नव्हता.

६ मे २०२५ रोजी शनीवर पुन्हा असा संपात झाला. त्याआधी २३ मार्चला पृथ्वीने कड्यांची पातळी ओलांडली होती. त्यामुळे मधल्या सहा आठवड्यांत ऊन कड्यांच्या एका बाजूवर आणि आपण दुसऱ्या बाजूला, अशी दुर्मिळ स्थिती होती. दुर्दैवाने शनी तेव्हा आकाशात सूर्याच्या फार जवळ होता. ही उन्हाविनाची बाजू कशी दिसते ते व्होयेजर १ ने १९८० मध्ये नीट दाखवले होते. तिथे सगळा क्रम उलटतो. समोरच्या उन्हात सर्वांत उजळ दिसणारे दाट बी कडे काळे पडते आणि एरवी काळपट दिसणारी विरळ जागा, कॅसिनीची फट, उजळून निघते, कारण विरळ भागातूनच ऊन पलीकडे झिरपू शकते.

युरेनसची गोष्ट आणखी टोकाची आहे. त्याचा आस ९८ अंश कललेला, म्हणजे तो जवळजवळ आडवा पडून फिरतो. ८४ वर्षांच्या त्याच्या वर्षात प्रत्येक ध्रुवावर ४२ वर्षे दिवस आणि ४२ वर्षे रात्र. व्होयेजर २ जानेवारी १९८६ मध्ये तिथे पोहोचले तेव्हा सूर्य दक्षिण ध्रुवावर जवळजवळ डोक्यावर होता. यानाला दिसला तो फिकट निळसर, जवळपास कोरा गोळा. हा ग्रह निर्जीव आहे, अशी समजूत तेव्हापासून रूढ झाली. २००७ मध्ये ऊन विषुववृत्तावर आले, चार दशके अंधारात असलेले उत्तरेचे पट्टे उजेडात येऊ लागले आणि पृथ्वीवरच्या मोठ्या दुर्बिणींना तिथे लखलखीत ढग आणि वादळे दिसली. कोरेपणाची ती समजूत एका ऋतूच्या एका भेटीवर बेतलेली होती.

पलीकडून पाहताना

डिसेंबर १९७३ मध्ये पायोनियर १० गुरूला वळसा घालून पुढे गेले आणि माणसाने पाठवलेल्या कॅमेऱ्याने पहिल्यांदा गुरूची कोर टिपली. ही नव्या पाहण्याची सुरुवात होती. आता सूर्य समोर होता आणि ग्रह मध्ये.

बंद खोलीत कवडसा पडला की त्यात तरंगणारी धूळ चमकते, पण ती सर्वांत ठळक चमकते आपण उजेडाच्या दिशेने पाहिले तर. उजेडाकडे पाठ करून पाहिले तर हवा जवळजवळ स्वच्छच वाटते. कारण सोपे आहे. मोठा खडा आपल्यावर पडलेले ऊन मागे परतवतो. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा कण मात्र प्रकाशाच्या तरंगांच्याच मापाचा असतो. तो प्रकाश मागे फेकण्याऐवजी किंचित वळवून पुढे पाठवतो. म्हणून धूळ शोधायची तर सूर्याच्या दिशेने पाहायला हवे, आणि बाहेरच्या ग्रहांभोवती तसे पाहणे पृथ्वीवरून कधीच जमणार नाही.

मार्च १९७९ मध्ये व्होयेजर १ ला गुरूभोवती एक कडे असल्याचा पुसट पुरावा मिळाला. चार महिन्यांनी व्होयेजर २ गुरूच्या सावलीत शिरले, मागे वळले आणि तेच कडे झगझगीत रेषेसारखे दिसले. ते मुख्यतः बारीक धुळीचे आहे, म्हणून तीनशे सत्तर वर्षे दुर्बिणींना त्याचा पत्ता लागला नव्हता. शनीच्या बी कड्यावर व्होयेजर १ ला चाकाच्या आऱ्यांसारखे पट्टे दिसले. यान जवळ येत असताना ते काळे होते, यान पलीकडे गेल्यावर तेच पट्टे कड्यापेक्षा उजळ झाले. काळ्याचे पांढरे होणे हीच त्यांची ओळख ठरली: ते अतिसूक्ष्म धुळीचे आहेत.

युरेनसची कडी १० मार्च १९७७ रोजी सापडली होती. युरेनस एका ताऱ्यासमोरून जाताना तो तारा आधी आणि नंतर अनेकदा क्षणभर मंदावला, त्यावरून कड्यांचा शोध लागला. तमिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेतूनही त्या रात्री हा प्रसंग टिपला गेला होता. ही कडी कोळशासारखी काळी, अरुंद आणि एकमेकांपासून सुटी आहेत. १९८६ मध्ये व्होयेजर २ ने पलीकडे गेल्यावर ९६ सेकंद कॅमेरा उघडा ठेवून एक छायाचित्र घेतले, तेव्हा मधल्या रिकाम्या वाटणाऱ्या जागाही धुळीच्या पट्ट्यांनी भरलेल्या निघाल्या.

सर्वांत थरारक शोध आयोवरचा. ८ मार्च १९७९ रोजी व्होयेजर १ गुरूला ओलांडून सुमारे ४५ लाख किलोमीटर पुढे गेले होते. यानाचा मार्ग तपासण्यासाठी मागच्या अंधुक ताऱ्यांसह आयोचे एक छायाचित्र घेतले गेले. तारे दिसावेत म्हणून कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवला होता. यानाच्या मार्गनिर्देशनाचे काम पाहणाऱ्या लिंडा मोराबितो दुसऱ्या दिवशी ते छायाचित्र पडद्यावर तपासत होत्या. आयोच्या कोरेच्या कडेवर त्यांना छत्रीच्या आकाराचा एक फिकट ढग दिसला. आयोला दाट वातावरण नाही, मग तिथे ढग कुठून येणार? तो जमिनीपासून अडीचशे किलोमीटरांहून अधिक उंच गेलेला ज्वालामुखीचा फवारा होता. त्याच छायाचित्रात दिवस-रात्रीच्या सीमेवर आणखी एक ठळक ठिपका होता. तिथली जमीन अंधारात होती, पण दुसऱ्या एका फवाऱ्याचा माथा इतका उंच गेला होता की त्याला ऊन लागत होते. पृथ्वीबाहेर चालू असलेला ज्वालामुखी पहिल्यांदाच दिसला होता. विशेष म्हणजे गुरूच्या ओढाताणीमुळे आयोचे पोट तापलेले असावे, असा तर्क मांडणारा शोधनिबंध आठवडाभरच आधी, २ मार्चला प्रसिद्ध झाला होता.

पुढच्या मोहिमांनी मागे वळून पाहण्याची रीतच पाडली. २००५ मध्ये कॅसिनीने शनीचा एन्सेलेडस हा लहानसा उपग्रह सूर्याच्या दिशेने पाहिला आणि त्याच्या दक्षिण ध्रुवावरून उडणारे बर्फाचे फवारे स्पष्ट दिसले. ते बर्फाच्या पृष्ठाखालच्या पाण्यातून येतात, हे आता पक्के झाले आहे. १५ सप्टेंबर २००६ रोजी कॅसिनी शनीच्या सावलीत होते. सूर्य पूर्ण झाकलेला, कडी पाठीमागच्या उन्हाने उजळलेली, आणि त्या छायाचित्रांत एक नवे फिकट कडेही सापडले. १४ जुलै २०१५ रोजी न्यू होरायझन्स प्लुटोजवळून गेले आणि पंधरा मिनिटांनी त्याने मागे पाहिले. मावळतीच्या उन्हात बर्फाचे डोंगर लांब सावल्या टाकत उभे होते आणि त्यांच्यावर धुक्याचे एकावर एक डझनभराहून अधिक थर होते. त्या डोंगररांगांना तेनझिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी यांची नावे दिली आहेत. समोरच्या उन्हात ते धुके जवळजवळ अदृश्य होते.

हिशेबही बदलतो

कोन बदलला की केवळ चित्र बदलते असे नाही, आकडेही बदलतात. ग्रहावर पडलेल्या उन्हापैकी किती ऊन तो परतवतो, हे कळल्याशिवाय त्याच्या पोटातून किती उष्णता बाहेर येते हे सांगता येत नाही. पण ग्रह सगळ्या दिशांना सारखे ऊन परतवत नाही. फक्त पौर्णिमेचा उजेड मोजून बाकीचा अंदाज बांधला तर चूक होणारच. कॅसिनी शनीकडे जाताना २००० च्या अखेरीस गुरूजवळून गेले होते आणि त्याने गुरूला अनेक कोनांतून पाहिले. त्या नोंदींचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की गुरू सुमारे निम्मे ऊन परतवतो. आधीचा अंदाज जेमतेम एक तृतीयांशाचा होता. म्हणजे गुरू सूर्याकडून समजत होतो त्यापेक्षा कमी उष्णता घेतो आणि त्याच्या पोटातली उष्णता समजत होतो त्यापेक्षा जास्त आहे. शनीच्या टायटन या उपग्रहाने तर आणखी चकित केले. त्याच्या उंच, दाट धुक्यातून ऊन इतके पुढे पाझरते की सूर्याच्या दिशेने पाहिलेली टायटनची कोर त्याच्या भरलेल्या चकतीपेक्षा अधिक उजळ ठरते, असे कॅसिनीच्या नोंदींवरून २०१७ मध्ये दाखवले गेले.

दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांच्या शोधातही याचा उपयोग आहे. असा ग्रह पूर्ण भरलेला असतो तेव्हा तो आपल्या दृष्टीने ताऱ्याच्या मागे, त्याच्या लखलखाटात बुडालेला असतो. तो वेगळा दिसायची शक्यता सर्वांत जास्त असते ती तो अर्धा असताना. अर्धा गुरू, पाऊण शनी कसे दिसतात याच्या यानांनी घेतलेल्या नोंदी म्हणूनच त्या दूरच्या जगांसाठी नमुना ठरणार आहेत.

पुढे काय पाहायचे

घरी किंवा शाळेत दुर्बीण असेल, तर तिचा उपयोग प्रतियुतीपुरता ठेवू नये. प्रतियुतीनंतर तीन महिन्यांनी गुरू संध्याकाळी माथ्यावर असतो, मुलांना जागरण करावे लागत नाही, आणि आयो गुरूच्या सावलीतून अचानक प्रकट होताना पाहायला मिळतो. प्रतियुतीच्या रात्री आणि तीन महिन्यांनी शनीची दोन चित्रे काढून शेजारी ठेवली, तर सावलीची खाच कुणीही दाखवू शकेल. वर्तमानपत्रात ग्रहाचे नवे छायाचित्र आले की सूर्य कुठल्या बाजूला होता, एवढे आधी विचारावे; निम्मे चित्र त्या उत्तरातून उलगडते.

युरेनस आणि नेपच्यूनकडे मात्र आजवर एकच यान गेले, तेही वाटेवरून पुढे निघून जाणारे. १९८६ मध्ये युरेनसच्या उपग्रहांचे उत्तर गोलार्ध अंधारात होते, त्यामुळे मिरांडा, एरियल, टायटानिया यांचा निम्मा भाग कुठल्याही कॅमेऱ्याने जवळून पाहिलेलाच नाही. आता तिथे उत्तरेकडे ऊन आहे आणि ते २०५० च्या आसपासच्या संपातापर्यंत राहील. युरेनसभोवती फिरत राहणारे यान ही पुढची सर्वांत महत्त्वाची मोठी मोहीम असावी, अशी शिफारस अमेरिकेतल्या ग्रहशास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये केली आहे. ती वेळेत व्हायला हवी. एका कोनातून एकदा पाहिलेल्या ग्रहाबद्दल आपली मते किती चुकतात, हे युरेनसनेच दाखवले आहे. तिथला उजेड सरून ते गोलार्ध पुन्हा ४२ वर्षांच्या रात्रीत जाण्याआधी यान पोहोचले पाहिजे.